‘क्लीब’ म्हणजे नेमका कोण? एका शब्दाचा इतिहास

१/
भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील तिसऱ्याच श्लोकात एक शब्द भेटतो : ‘क्लैब्य’. धनुष्य टाकून रथात बसलेल्या अर्जुनाला श्रीकृष्ण ते सोडून देण्यास सांगतात. मराठीत या शब्दाचा अर्थ कुणी भ्याडपणा करतो, कुणी नामर्दपणा, तर कुणी षंढपणा. ऐकणाऱ्याला तिन्ही अर्थ एकच वाटतात. पण भ्याडपणा मनाविषयी बोलतो, षंढपणा देहाविषयी आणि नामर्दपणा समाजाने आखून दिलेल्या पुरुषाच्या प्रतिमेविषयी. या तीन गोष्टी एका शब्दात कशा एकवटल्या, त्याचा हा थ्रेड.

२/
‘क्लैब्य’ हे भाववाचक नाम आहे. मूळ शब्द ‘क्लीब’. वेदांच्या मंत्रांत, व्याकरणात, धर्मशास्त्रात, महाभारतात आणि पुढे इंग्रजी न्यायालयांतील हिंदू कायद्यातही तो आढळतो. प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ थोडा सरकलेला दिसतो. हे सरकणे समजून घ्यायचे, तर प्रत्येक टप्प्यावर दोन प्रश्न विचारावे लागतात : क्लीब कुणाला म्हटले गेले? आणि तसे म्हटल्यावर त्याच्या हातून काय काढून घेतले गेले?

३/
आरंभ व्याकरणाच्या परंपरेपासून करू. पाणिनीय धातुपाठात ‘क्लीब्’ या धातूचा अर्थ ‘अधार्ष्ट्य’ असा दिला आहे. म्हणजे धीटपणाचा अभाव. त्यात देहाचा उल्लेख नाही, स्त्रीचाही नाही. ‘नपुंसक’ या शब्दाची घडण याहून वेगळी. त्यात ‘पुंस्’ म्हणजे पुरुष आणि त्याचा नकार आहे. ‘नामर्द’ या फारसीतून आलेल्या शब्दाची घडणही तशीच : ‘ना’ आणि ‘मर्द’. मराठी ‘बायल्या’ मात्र सरळ ‘बाईल’ या शब्दावरून आला आहे. आज ही नावे एकमेकांच्या जागी वापरली जातात; त्यांचे आरंभबिंदू मात्र एक नाहीत.

४/
क्लीबाचा एक अतिप्राचीन उल्लेख अथर्ववेदाच्या सहाव्या कांडातील १३८व्या सूक्तात आहे. हे सूक्त शत्रूवर करायच्या प्रयोगाचे आहे. प्रयोग करणारा एका वनस्पतीला विनवतो की, या माणसाला क्लीब कर. मग इंद्राने त्याचे वृषण दगडांनी फोडावेत आणि ज्या दोन नाड्यांत त्याचे पौरुष वसते त्या तोडाव्यात, अशी मागणी येते. त्याच्या मस्तकावर ‘ओपश’, ‘कुरीर’ आणि ‘कुंब’ ही स्त्रियांची शिरोभूषणे चढवण्याचीही इच्छा व्यक्त होते.

५/
या सूक्तातून क्लीबाच्या दोन खुणा कळतात. एक देहाची : प्रजननाची शक्ती नाहीशी होणे. दुसरी वेशाची : स्त्रीची केशरचना आणि अलंकार. शत्रूला ठार मारण्याऐवजी त्याला क्लीब करावे, अशी ही इच्छा आहे. याचा अर्थ, त्या समाजात क्लीब होणे ही मोठी शिक्षा मानली जात होती. मंत्राच्या शब्दांत दिसणारा तो माणूस जन्मतः क्लीब नाही. दुसऱ्याच्या द्वेषाने त्याला तसे करायचे आहे.

६/
यज्ञविधींमध्ये मात्र निराळीच दृष्टी दिसते. शतपथ ब्राह्मणात वाजपेय यज्ञाच्या वर्णनात ‘परिस्रुत्’ नावाचे मद्य विकत घेण्याचा विधी आहे. ते लांब केस राखलेल्या पुरुषाकडून, शिशाच्या मोबदल्यात घ्यायचे. कारणही ग्रंथच देतो. लांब केसांचा पुरुष धड स्त्री नाही की पुरुष नाही. शिसे ना लोखंड, ना सोने. आणि हे मद्य ना सोम, ना सुरा. येथे ‘मधल्या’ व्यक्तीला विधीत एक ठरलेली जागा आहे.

७/
ती जागा सन्मानाची होती, असे मात्र समजू नये. वाजसनेयी संहितेच्या तिसाव्या अध्यायात पुरुषमेधाची प्रसिद्ध यादी आहे. कोणता मनुष्य कोणत्या देवतेला किंवा तत्त्वाला अर्पण करायचा, याची ती प्रतीकात्मक मांडणी होय. त्यात ब्राह्मण ‘ब्रह्मा’ला, क्षत्रिय ‘क्षत्रा’ला, चोर अंधाराला, आणि क्लीब ‘पाप्मन्’ला, म्हणजे पापाला नेमून दिला आहे. विश्वाच्या मांडणीत त्याला घर मिळाले, पण ते कुठल्या वस्तीत, हे या एका नोंदीवरून कळते.

८/
इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकात पतंजलीने ‘महाभाष्या’त एक वरवर साधा प्रश्न घेतला : शब्दाचे लिंग कशावरून ठरते? त्याने आधी लोकांत रूढ असलेली लक्षणे मांडली. स्तन आणि केस असलेली ती स्त्री, अंगावर लव असलेला तो पुरुष, आणि ही लक्षणे नसतील तर नपुंसक. मग त्याने स्वतःच या व्याख्येवर आक्षेप घेतले. खाट आणि वृक्ष यांना यांपैकी काहीच नाही. तरी संस्कृतात ‘खट्वा’ स्त्रीलिंगी आणि ‘वृक्ष’ पुल्लिंगी का?

९/
याच चर्चेत ‘भ्रूकुंस’ येतो. भ्रूकुंस म्हणजे स्त्रीवेश घेऊन रंगभूमीवर उतरणारा पुरुष नट. बाह्य लक्षणांवरून लिंग ठरवायचे, तर या नटाला स्त्रीलिंगी प्रत्यय लावावा लागेल, असा आक्षेप महाभाष्यात नोंदवलेला आहे. निष्कर्ष व्याकरणापुरता असला, तरी निरीक्षण अचूक आहे. दिसणे आणि असणे यांत अंतर असू शकते, हे त्या काळच्या वैयाकरणांना ठाऊक होते. तीन लिंगांची ही व्यवस्था मराठीने आजही जपली आहे. हिंदीत दोनच उरली.

१०/
अमरकोशाने नपुंसक, क्लीब, पंड, शंढ आणि तृतीयाप्रकृती हे शब्द एकाच अर्थाचे म्हणून एकत्र गुंफले. कोशासाठी ते सोयीचे होते. पण त्यामुळे शब्दांतील भेद पुसट झाले. ‘तृतीया प्रकृती’ हा शब्द वात्स्यायनाच्या कामसूत्रातही आहे. तेथे तिचे दोन प्रकार सांगितले आहेत : स्त्रीरूपिणी आणि पुरुषरूपिणी. पहिली स्त्रीचा वेश आणि बोलणे स्वीकारते. दुसरी आपली इच्छा लपवून अंगमर्दनाचा व्यवसाय करते. त्यांच्या उपजीविकेचे हे वर्णन शिवीगाळीशिवाय आले आहे.

११/
श्रमण परंपरांनीही या प्रश्नावर विचार केला. बौद्ध विनयपिटकात ‘पंडक’ व्यक्तीला उपसंपदा, म्हणजे भिक्षुसंघाची पूर्ण दीक्षा, नाकारली आहे. जैन आचार्यांनी ‘वेद’ ही संकल्पना वापरून स्त्रीवेद, पुरुषवेद आणि नपुंसकवेद असे कामवासनेचे तीन प्रकार मानले. येथे ‘वेद’ म्हणजे ग्रंथ नव्हे, तर अनुभवास येणारी वासना. देहाचे लिंग आणि वासनेचे लिंग स्वतंत्रपणे मोजणारी ही मांडणी प्राचीन भारतातील एक अतिशय सूक्ष्म मांडणी ठरते.

१२/
आता धर्मशास्त्राकडे वळू. या क्षेत्रात शब्दाला थेट जमीनजुमला आणि पैसा जोडला गेला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा न मिळणाऱ्यांची यादी आहे. तिच्यात पतित, जन्मांध, बहिरा, वेडा, मुका यांच्याबरोबर क्लीबही आहे. त्यापुढच्याच श्लोकात या सर्वांना जन्मभर अन्नवस्त्र द्यावे, न देणारा पतित होतो, अशी आज्ञा आहे. म्हणजे मालकी नाही, पण पोटगी आहे. घरातील मुलगा आता घराचा वाटेकरी न राहता आश्रित होतो.

१३/
मनूचा तिसरा नियम अधिक लक्षवेधी आहे. क्लीबादिकांना पत्नी करण्याची इच्छा झाली आणि त्यांना संतान झाले, तर त्या संतानाला वाटा मिळतो. क्लीबाला संतान कसे, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर नियोगाच्या प्रथेत आहे. त्याच अध्यायात क्षेत्रज पुत्राची व्याख्या देताना मृत, रोगी किंवा क्लीब पतीच्या पत्नीला विधिपूर्वक नियोगातून झालेला पुत्र, असे म्हटले आहे. वंश चालला, तर हक्क पुन्हा त्या शाखेत येतो. मधला माणूस तेवढा वगळला जातो.

१४/
क्लीब म्हणजे केवळ संततीस असमर्थ पुरुष का? मनूचाच एक श्लोक वेगळे सुचवतो. कोणत्या पतीचा तिटकारा करणाऱ्या पत्नीला टाकता येत नाही, हे सांगताना वेडा, पतित, क्लीब, अबीज आणि पापरोगी अशी यादी येते. ‘अबीज’ म्हणजे ज्याला बीज नाही तो. क्लीब आणि अबीज एकच असते, तर दोन शब्द योजण्याचे कारण नव्हते. राजधर्मात मनूने हात जोडलेल्या शत्रूप्रमाणेच क्लीबालाही रणात मारू नये, असे म्हटले आहे. तेथे तो युद्धाच्या कक्षेबाहेरचा माणूस आहे.

१५/
याज्ञवल्क्य स्मृतीनेही क्लीबाला वाटा नाकारून पोषणाचा हक्क दिला आणि त्याच्या निर्दोष पुत्रांना वाटेकरी मानले. या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळात लिहिली. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. विज्ञानेश्वराने क्लीब शब्दाचा अर्थ ‘तृतीया प्रकृती’ असा दिला. पुढे इंग्रजी अमदानीत महाराष्ट्रासह देशाच्या मोठ्या भागात मिताक्षरा हा वारसा कायद्याचा आधारग्रंथ झाला आणि हा प्राचीन शब्द न्यायालयाच्या दारात पोहोचला.

१६/
नारदस्मृती आणखी बारकाईत शिरते. वराची परीक्षा करून, तो निःसंशय पुरुष असल्यास त्याला कन्या द्यावी, असे ती सांगते आणि ‘पंड’ पुरुषांचे चौदा प्रकार मोजते. त्यात जन्मतः असमर्थ आहे, तसा रोगाने झालेलाही आहे. ‘शालीन’ म्हणजे लाजेमुळे असमर्थ ठरणाराही आहे. ‘अन्यापति’ तर पत्नीपाशी असमर्थ, पण दुसऱ्या स्त्रीपाशी समर्थ! काही प्रकारांत पत्नीने वर्षभर वाट पाहावी, असेही सांगितले आहे. शेत आणि बीज यांच्या उपमेतून विचार करणाऱ्या या ग्रंथाचा खरा प्रश्न एकच होता : अपत्य होणार की नाही?

१७/
याच चिंतेतून एका प्रसिद्ध वचनाचा जन्म झाला. पती बेपत्ता झाला, मरण पावला, संन्यासी झाला, क्लीब निघाला किंवा पतित झाला, तर या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती करता येतो, असे नारद आणि पराशर या दोन्ही स्मृतींत सांगितले आहे. १८५५ मध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहाच्या समर्थनार्थ पराशराचे हेच वचन पुढे केले आणि १८५६ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर विधवाविवाहावर वाद झाला, तेव्हा सुधारकांच्या बाजूने विष्णुशास्त्री पंडित उभे होते. क्लीब पतीचा उल्लेख असलेले एक वचन अशा रीतीने विधवांच्या मुक्तीचे साधन ठरले.

१८/
कायद्याच्या भाषेत क्लीब ही एक अवस्था होती. तिचा टोमणा कसा झाला, हे महाभारतात पाहायला मिळते. विराटपर्वात अज्ञातवासासाठी अर्जुन बृहन्नडा होतो. कानांत कुंडले, हातांत बांगड्या, केसांची वेणी. विराटाच्या घरी त्याची परीक्षा होते, पुरुषत्व नसल्याची खात्री पटते आणि मगच त्याला राजकन्या उत्तरेला नृत्यगायन शिकवण्यासाठी अंतःपुरात प्रवेश मिळतो. बांगड्यांचे कारण त्याने आधीच भावांना सांगितलेले असते. धनुष्याच्या दोरीने बाहूंवर पडलेले घट्टे त्यांच्याखाली झाकायचे असतात. ‘हातांत बांगड्या भरा’ हा मराठीतला टोमणा वापरताना ही कथा सहसा कुणाला आठवत नाही.

१९/
उर्वशीच्या शापामुळे अर्जुन वर्षभर नपुंसक झाला, ही कथा सर्वपरिचित आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हस्तलिखितांच्या तुलनेतून सिद्ध केलेल्या चिकित्सित आवृत्तीत मात्र ही कथा मूळ संहितेत नसून परिशिष्टात आहे. त्या संहितेत अर्जुन उत्तराला स्पष्ट सांगतो की, तो क्लीब नाही. थोरल्या भावाच्या आज्ञेने त्याने वर्षभराचे व्रत पाळले आहे. शापाच्या कथेने या वेशाला दैवी कारण दिले. चिकित्सित संहितेत ती अर्जुनाची स्वतःची निवड आहे.

२०/
कौरव गाई पळवतात, तेव्हा बढाया मारणारा राजपुत्र उत्तर रथातून उडी टाकून पळू लागतो. त्याच्यामागे वेणी आणि वस्त्रे उडवीत बृहन्नडा धावते आणि कौरवांचे सैनिक हसतात. त्यानंतर काय घडते, हे सर्वांना माहीत आहे. बांगड्या उतरतात, शमीवृक्षावरचे गांडीव खाली येते आणि भीष्म, द्रोण, कर्ण यांच्यासह सारे सैन्य एकट्या अर्जुनासमोर हरते. इकडे राजसभेत कंकाचे रूप घेतलेला युधिष्ठिर विजयाचे श्रेय बृहन्नडेला देतो. आपल्या पुत्राच्या बरोबरीने एका षंढाची स्तुती ऐकून विराट राजा संतापतो आणि फासा त्याच्या तोंडावर फेकून मारतो. युधिष्ठिराच्या नाकातून रक्त येते.

२१/
या प्रसंगात ग्रंथकाराने दोन व्यक्ती समोरासमोर उभ्या केल्या आहेत. उत्तर वेशाने पुरुष, पण पळणारा. बृहन्नडा वेशाने क्लीब, पण लढणारी. आता पुढची दोन पर्वे पाहावीत. उद्योगपर्वात कुंती श्रीकृष्णाकरवी आपल्या पुत्रांना विदुलेची कथा कळवते. रणात हरून निजलेल्या मुलाला विदुला क्लीबाची उपमा देऊन डिवचते. त्यानंतर भीष्मपर्वात, गीतेच्या आरंभी, ‘क्लैब्य’ हा शब्द अर्जुनापुढे येतो. वर्षभर क्लीबाच्या वेशात जगलेल्या आणि त्याच काळाच्या शेवटी याच कौरवांना हरवलेल्या माणसाला तो ऐकावा लागतो.

२२/
कुरुक्षेत्रावर अर्जुनाच्या हातांत बांगड्या नाहीत. अंगावर कवच आहे, त्याला पुत्रही आहेत. वेद आणि स्मृती यांनी सांगितलेली क्लीबाची एकही खूण त्याच्यात नाही. त्याने केले एवढेच की, आप्तांना मारण्यास नकार दिला. या नकाराला ‘क्लैब्य’ म्हटले गेले, तेव्हा शब्द देहापासून सुटला आणि आचरणाला चिकटला. श्लोकात पुढे हृदयाच्या दुर्बळतेचा उल्लेख येतो. धातुपाठातील ‘अधार्ष्ट्य’ या अर्थाशी हा प्रयोग सर्वांत जवळचा आहे.

२३/
युद्ध संपल्यावर हा शब्द पुन्हा येतो. शांतिपर्वात विजयी युधिष्ठिर राज्य सोडून वनात जाण्याची भाषा करतो, तेव्हा द्रौपदी त्याला सुनावते की, क्लीबाला पृथ्वी भोगता येत नाही, धन मिळत नाही आणि त्याच्या घरी पुत्र राहत नाहीत. भूमी, धन आणि पुत्र. स्मृतींनी क्लीबाला नाकारलेल्या नेमक्या याच तीन गोष्टी आहेत. वारसाहक्काच्या कलमाचा टोमणा कसा होतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. पुरुषाकडून समाजाला जे हवे होते त्याची यादी द्रौपदी वाचून दाखवते. आणि ती देण्यास जो नकार देईल, तो देहाने धडधाकट असला, तरी क्लीब ठरतो.

२४/
अठराव्या शतकाच्या अखेरीपासून या शब्दावर इंग्रजीचे पुट चढले. १७८५ मध्ये चार्ल्स विल्किन्स यांनी गीतेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात ‘क्लैब्य’साठी ‘पुरुषाला न शोभणारे वर्तन’ अशा अर्थाचा शब्द होता. १८८२ मध्ये काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनी ‘बायकी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द योजला. अथर्ववेदातील स्त्रीभूषणांचा धागा या निवडीत आहे, हे खरे. पण त्या श्लोकात स्त्रीचा उल्लेख नाही. दरम्यानच्या काळात, १८४१ मध्ये, मेकॉलेने वॉरन हेस्टिंग्जवरील निबंधात बंगाली माणसाचे चित्र दुबळा आणि बायकी असे रंगवले होते. राज्यकर्त्यांच्या भाषेत बायकीपणा हे गुलामगिरीचे कारण ठरत होते. स्वामी विवेकानंदांनी गीतेतील या एका श्लोकाला इतके महत्त्व का दिले, हे या पार्श्वभूमीवर समजते.

२५/
टोमणा राजकारणात फिरत असताना प्रत्यक्ष माणसांवर कायदा चालून आला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक भाग स्वतंत्रपणे हिजडा समाजासाठी होता. स्वतः कबूल करणारा किंवा वैद्यकीय तपासणीत उघडपणे असमर्थ दिसणारा पुरुष, अशी त्याची व्याख्या होती. संशयितांची नोंदवही ठेवण्यात आली. नोंद झालेल्या व्यक्तीने सार्वजनिक जागी स्त्रीवेश किंवा अलंकार घातले, अथवा पैशांसाठी नाचगाणे केले, तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. तिला अज्ञान मुलाचे पालक होणे, मृत्युपत्र करणे, मालमत्ता बक्षीस देणे किंवा दत्तक घेणे, यांची मनाई होती. वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब या भागांत हा कायदा लागू झाला. त्याचा हा भाग १९११ मध्ये गळाला.

२६/
या कलमांकडे नीट पाहिले, तर जुनी यादीच पुन्हा दिसते : देहाची तपासणी, मालमत्तेवरचा हक्क आणि वंश पुढे नेण्याचा अधिकार. फरक एवढाच की, स्मृतींनी निदान अन्नवस्त्राचे बंधन कुटुंबावर घातले होते. वसाहतीच्या कायद्याने उपजीविकेचे नृत्यगायनही गुन्हा ठरवले. ज्या वेशात आणि ज्या कलेवर बृहन्नडा विराटाच्या घरी वर्षभर राहिली, तो वेश आणि ती कला रस्त्यावर दिसली, तर या कायद्याने शिक्षा होती.

२७/
वारसाहक्कातील क्लीबाची वगळणूक त्याहून उशिरा संपली. १९२८ च्या कायद्याने मिताक्षरेखालील हिंदूंना रोग, व्यंग किंवा शारीरिक-मानसिक दोष एवढ्याच कारणावरून वारसा नाकारता येणार नाही, असे ठरवले. जन्मतः वेड्या किंवा मतिमंद व्यक्तींचा अपवाद मात्र राहिला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८व्या कलमाने तोही अपवाद काढून टाकला. मनूच्या यादीत घातलेल्या माणसाला आपल्या वडिलांच्या घरात वाटेकरी म्हणून परत येण्यास इतका काळ लागला. नपुंसकतेचा प्रश्न आता हिंदू विवाह कायद्यात, विवाह रद्द करण्याच्या कारणांपैकी एक म्हणून उरला आहे.

२८/
१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना ‘तिसरे लिंग’ म्हणून मान्यता दिली आणि आपले लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. मराठीत आज त्यांच्यासाठी ‘तृतीयपंथी’ हा शब्द रूढ आहे. ‘तृतीया प्रकृती’ या जुन्या शब्दाची त्यात आठवण आहे आणि उपहास नाही. ‘क्लीब’ हा शब्द बोलीतून जवळजवळ गेला. त्याची जागा घेणारे ‘षंढ’, ‘नामर्द’, ‘बायल्या’ मात्र प्रचारसभांत आणि भांडणांत रोज ऐकू येतात. त्या प्रत्येक वेळी पुरुषाकडून नेमके काय मागितले जात आहे, हे शोधून पाहावे. कधी मूल, कधी मालमत्ता, कधी दुसऱ्याचा जीव : द्रौपदीच्या यादीतले काही ना काही त्यात सापडते.

(थ्रेड समाप्त)